रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय रिस्क' आलंय, आता काय?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गणपती झाले की माझ्या ओपीडीत दरवर्षी हे हमखास होतं. मुंबई-पुण्याहून गावी आलेल्या आणि बाळंतपणाला माहेरीच राहायचं ठरवलेल्या मुली हातात जाडजूड फाइल घेऊन येतात आणि बसायच्या आधीच म्हणतात, "डॉक्टर, ह्यात काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा, तिकडे कुणी धड सांगितलंच नाही." या महिन्याची पत्रंही बरीचशी तशीच आहेत. त्यातली पाच घेतलीत, नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न: मी ३१ वर्षांची, पहिलंच बाळ, १३ आठवडे झालेत. एनटी स्कॅन नॉर्मल आला पण डबल मार्करमध्ये डाऊन सिंड्रोमसाठी १:१८० आणि पुढे लाल अक्षरात हाय रिस्क असं आलंय. लॅबने रिपोर्ट रात्री साडेनऊला थेट व्हॉट्सॲपवर टाकला. मिस्टर मुंबईला असतात. सासूबाई म्हणतात पोटात सुई अजिबात टोचून घ्यायची नाही, नणंद म्हणते कशाला विषाची परीक्षा, आत्ताच मोकळी हो. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर: तुला अगं-तुगंच करते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी आणि डबल मार्कर म्हणजे तुझ्या रक्ताची तपासणी, त्यावरून बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे २१ वं गुणसूत्र एक जास्त, असण्याची शक्यता किती ते काढतात. आधी तो आकडा नीट बघूया. आपल्याकडे आंब्याची पाच डझनी पेटी असते ना, ६० फळांची, अशा तीन पेट्या ओटीवर मांडल्यात समज, म्हणजे १८० आंबे, आणि त्यातल्या एकाच्या देठाला कुणीतरी दोरा बांधलाय. न बघता हात घालून एक आंबा उचललास तर तो दोऱ्याचा निघायची जेवढी शक्यता, तेवढाच १:१८० चा अर्थ. बाकीचे १७९ बिनदोऱ्याचे. दोरा बांधलेला आंबा मी मुद्दाम म्हणतेय, नासका म्हणत नाहीये, कारण डाऊन सिंड्रोमचं मूल म्हणजे नासलेलं काही नसतं.

मग लाल अक्षर कशाला? तर लॅबने एक रेघ आखलेली असते, बहुतेक ठिकाणी १:२५० ला, त्याच्या अलीकडे, म्हणजे २५० पेक्षा लहान आकडा, आला की कॉम्प्युटर आपोआप लाल छापतो. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर दोन्ही मिळून डाऊनची साधारण १०० पैकी ८५ ते ९० बाळं पकडली जातात, पण त्याची किंमत म्हणजे बाळ अगदी व्यवस्थित असलेल्या दर २० बायकांमागे एकीला उगाचच लाल अक्षर बघावं लागतं. ही चाळणी आहे, निदान नाही. रिपोर्ट पाठवताना हे एक वाक्य कुणीतरी फोनवर बोलायला हवं होतं, रात्री साडेनऊला नुसती पीडीएफ टाकून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही.

आता उद्या सकाळी तो रिपोर्ट घेऊन बस आणि वरच्या चौकटीत काय भरलंय ते बघ. वय, वजन, स्कॅनची तारीख, बाळाची लांबी म्हणजे सीआरएल, आधी डायबेटिस आहे का, सिगारेट, आयव्हीएफ, हे सगळं त्या गणितात जातं. आपल्या भागात शाळेत नाव घालताना जन्मतारीख १ जून लावून टाकलेल्या किती बायका आहेत तुला माहितीच असेल, मागे खाडीपट्ट्यातली एक पेशंट आली होती, रिपोर्टवर वय ३६, आधार कार्डावरनं घेतलेलं, प्रत्यक्षात तिची आई शपथेवर सांगत होती की ३२ चालू आहे, आणि वजनाच्या रकान्यात कुणाचं तरी भलतंच वजन. बरोबर माहिती भरून त्याच रक्ताचं गणित पुन्हा करून घेतलं तर रेघेच्या पलीकडे गेली, लो रिस्क. वयाने फरक पडतो कारण ३५ व्या वर्षी ही शक्यता साधारण ३५० त एक धरतात आणि ४० व्या वर्षी १०० त एक. अजून एक बघ, त्या कागदावर बरेचदा दोन आकडे असतात, एक नुसत्या रक्ताचा आणि एक एनटी धरून एकत्र काढलेला. महत्त्वाचा तो दुसरा. तुझा १:१८० कुठला आहे ते मला पत्रावरून कळत नाहीये, ते तुझ्या डॉक्टरांना विचार.

माहिती बरोबर असूनही आकडा तोच राहिला तर पुढे तीन रस्ते आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. पहिला एनआयपीटी, तुझ्या दंडातलं साधं रक्त, त्यात वारेतून आलेल्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात ते मोजतात. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो हे हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवलं आणि २०११ पासून ती टेस्ट म्हणून मिळायला लागली. डाऊनसाठी ९९ टक्क्यांच्या वर पकडते, बाळाला काही धोका नाही, पण बहुतेक ठिकाणी पाच आकडी खर्च आहे आणि तीही शेवटी चाळणीच, फक्त बारीक जाळीची. ती पॉझिटिव्ह आली तरी त्यावर कुणी काही ठरवायचं नसतं. दुसरा रस्ता ॲम्निओ, म्हणजे सासूबाई म्हणतायत ती सुई. १५ आठवडे पूर्ण झाल्यावर सोनोग्राफीत बघत बघत बाळाभोवतीचं थोडं पाणी काढतात, चार चमच्यांच्या आत, आणि हे मात्र पक्कं निदान. गर्भपाताचा धोका असतो, सरावाच्या हातात २०० त एकापेक्षा कमी. तिसरा रस्ता म्हणजे काहीच न करता १८ ते २० आठवड्यांचा अनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी, नीट करून घ्यायचा.

कुठला निवडायचा? मी माझ्या पेशंटला एवढंच विचारते की समजा डाऊन आहे असं पक्कं कळलं, तर तू काय करशील? "काहीही असलं तरी हे मूल मला हवंय" असं उत्तर असेल तर सुई कशाला, मग आपण बाळाच्या हृदयाची इको करून ठेवू कारण अशा साधारण निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो, आणि बाळंतपण जिथे मुलांचे डॉक्टर हजर असतात तिथे ठरवू. "मला पेलणार नाही" असं उत्तर असेल तर तेही उत्तरच आहे, पण मग आधी पक्कं निदान हवं. नणंदेचं "आत्ताच मोकळी हो" मात्र मला मान्य नाही, १७९ व्यवस्थित बाळांच्या बाजूने असलेला आकडा बघून मोकळं कसलं व्हायचं? वेळ आहे तुझ्याकडे. २०२१ च्या सुधारणेनंतर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो, काही ठराविक कारणांसाठी २४ पर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीने त्यापुढेही. सही लागते ती तुझी, सासूबाईंची नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. तरी मिस्टरांना शनिवारच्या गाडीने बोलावून घे आणि डॉक्टरांसमोर दोघं एकत्र बसा, फोनवर ह्या गोष्टी होत नाहीत.

प्रश्न: डॉक्टरबाय, माझ्या सुनेक चौथो म्हयनो चालू आसा. दर पंधरा दिवसांनी रक्त काढतत, सोनोग्राफी करतत. माका पाच पोरां झाली, सगळी घराकडेच, एकव कागद नाय. इतक्या तपासणीची गरज आसा काय? आणि मासे खाव नको म्हणान सांगितल्यानी असा सून म्हणता, ता खरा काय? आणखी एक, ह्या नवीन रक्ताच्या टेस्टीत चेडो काय चेडू ता कळता म्हणतत.
– देवगडहून एक सासूबाई

उत्तर: मावशी, तुम्ही लिहिलंत हेच मला फार आवडलं. तुमचा पहिला प्रश्न अर्धा बरोबर आहे. सगळं ठीक चाललेल्या बाईला दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागत नाही, ११ ते १४ आठवड्यांत एक, १८ ते २० त एक, आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक, एवढ्यात भागतं. जास्त करतायत तर कारण असेल, बीपी असेल, बाळाची वाढ कमी असेल, ते सुनेने सरळ विचारावं, विचारायला लाजायचं कशाला. पण रक्त तपासणं मात्र सोडू नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी बाईला झेपत नाही, ७ च्या खाली असेल तर जिवाशी गाठ. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात ती १४० किंवा त्यावर आली तर गरोदरपणातला डायबेटिस, आणि त्याची बाहेरून काहीच खूण दिसत नाही. तुमची पाच घरी झाली, देवाची कृपा, पण तुमच्याच वाडीत त्या काळी बाळंतपणात गेलेल्या बायका आठवून बघा, त्यांचाही कागद नव्हता. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते, तिथे घेऊन जा.

मासे खायचे! बंद करायचे नाहीत. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल द्या, बाळाच्या मेंदूला लागणारं तेल त्यातच आहे. टाळायची ती मोरी, म्हणजे शार्क, आणि मोठे मोठे शिकारी मासे, लहान मासे खाऊन खाऊन त्यांच्या अंगात पारा साठत जातो. सुरमई मोठी असेल तर तीही क्वचितच. तिसऱ्या, कालवं अशी शिंपली पूर्ण शिजवून. सुकं खारं बीपी असेल तर नको. आणि समुद्राकाठी राहतो म्हणून आयोडीन आपोआप मिळतं असं बरेच जण समजतात, तसं नाहीये, स्वयंपाकात मिठागराचं खडा मीठ वापरत असाल तर आयोडीनवालं आणा.

आता तिसरं. हो, एनआयपीटीत ते दिसू शकतं. पण सांगणं गुन्हा आहे, आणि विचारणंही. आपल्या महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तपासून घ्यायला लावणाऱ्या घरच्यांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि सुनेवर जबरदस्ती झाली असंच कायदा धरून चालतो. तुम्ही सहज विचारलंत असं मी समजते मावशी, पण सुनेच्या समोर हा प्रश्न पुन्हा काढू नका, तिला चौथ्या महिन्यात ती भीती नको.

प्रश्न: मी चिपळूणजवळ शाळेत शिक्षिका आहे, दहावा आठवडा. तपासणीला जाते त्या हॉस्पिटलात एका रिसर्चसाठी नाव द्याल का विचारलं. तीन वेळा जास्तीचं रक्त, जन्मानंतर नाळेचं रक्त, आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत वजन-उंची. औषध वगैरे काही देणार नाहीत. माझी आई म्हणते, प्रयोगाचा उंदीर व्हायची काही गरज नाही. मला स्वतःला द्यावंसं वाटतंय पण भीतीही वाटते.

उत्तर: तुमच्या आईंची काळजी मला समजते आणि तरीही ह्या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ह्यात आपल्या कोकणाचा हात आहे.

तुम्ही आत्ता रोज फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी घेत असाल. ती आली कुठून? १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करायची. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, एका विशिष्ट प्रकारच्या ॲनिमियाने मरत होत्या, आणि कारण सापडत नव्हतं. तिने त्यांचं खाणं बघितलं, रक्त बघितलं, आणि शेवटी यीस्टचा अर्क, म्हणजे ते मार्माइट, दिल्यावर बायका भराभर सुधारल्या. १९३१ साली तिने ते छापलं. त्या अर्कात नक्की काय होतं ते पुढे दहा वर्षांनी कळलं, १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं आणि नाव पडलं फॉलिक ॲसिड. मग १९९१ साली ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालं की आधी मणक्याचा दोष असलेलं मूल झालेल्या बायकांनी दिवस राहायच्या आधीपासून ही गोळी घेतली तर पुन्हा तसं व्हायचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी होतं. त्या काळी गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं केवढी होती ते चिपळूणच्या माणसाला मी काय सांगू. लालबाग-परळच्या चाळीत आपल्याच पणज्या होत्या, आणि त्यांच्यासारख्यांच्या रक्तातून आलेली गोळी आज जगभर गरोदर बायका गिळतायत. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी भरून येतं.

जवळचंच उदाहरण बघा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तुम्हाला सांगितलाय तशाच प्रकारचा, बघायचं, मोजायचं, औषध नाही. त्यातून कळलं की पालेभाजी, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः चांगली भरलेली होती, आणि निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी१२ कमी होतं. मी आज पेशंटला शेवग्याचा पाला, माठ, टाकळा खा म्हणते आणि शाकाहारी बाईचं बी१२ तपासते ते त्या गावांतल्या बायकांनी दर वेळी दंड पुढे केला म्हणून. आणि रिसर्चमध्ये गरोदर बायकांना घेतलंच नाही तर काय होतं तेही आपण नुकतंच भोगलं, कोविडच्या लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत त्यांना वगळलं होतं, त्यामुळे दुसऱ्या लाटेत माणसं जात असताना आम्ही पेशंटला "घ्या" म्हणू शकत नव्हतो, परवानगी आली २ जुलै २०२१ ला.

आता भीतीबद्दल. उंदराला विचारत नाहीत, तुम्हाला विचारलंय, फरक हाच आहे, पण तो कागदावर उतरलाय का ते बघून घ्या. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही करू नका. रिसर्च नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे ना, त्याचा नंबर आणि संपर्काचा फोन त्यावर हवा. रक्त किती मिली काढणार विचारा, ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा, शक्यतो नेहमीच्या तपासणीच्या सुईतच घेतात का तेही विचारा म्हणजे दोनदा टोचायला नको. उरलेलं रक्त किती वर्षं ठेवणार, त्यावर जनुकांची तपासणी करणार का, बाहेर कुठे पाठवणार का, तुमच्या नावाच्या जागी कोड नंबर असणार ना. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधेच कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं आणि त्याने तुमच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये, आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. नाव न देणाऱ्या बाईला कुणी लायनीत मागे बसवलं तर तो रिसर्चच चुकीच्या हातात आहे असं समजा. रक्तात काही गडबड सापडली तर मला कळवणार का, हाही प्रश्न विचारा, बऱ्याच जणी विसरतात.

उत्तरं नीट मिळाली तर मी स्वतः तुमच्या जागी नाव दिलं असतं. नाही दिलंत तरी अपराधी वाटून घेऊ नका, आणि आईंना बरोबर न्या, त्यांनाच प्रश्न विचारू दे.

प्रश्न: नऊ आठवडे झालेत. रक्तात माझं एचबीए२ ५.४ आलं, थॅलेसेमिया मायनर आहे म्हणे. मिस्टर माझे आतेभाऊच, बोटीवर असतात, यायला अजून अडीच महिने. ते आल्यावर त्यांची टेस्ट केली तर चालेल का?
– श्रीवर्धन

उत्तर: नाही, थांबू नका. थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष, आणि एचबीए२ हा हिमोग्लोबिनचाच एक प्रकार वाढलेला दिसला की मायनर म्हणतात. तुम्हाला स्वतःला काही धोका नाही, मायनर म्हणजे आजार नव्हे, फक्त थोडं हिमोग्लोबिन कमी. पण नवराही मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल, म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, जन्मभर. एरवी आपल्या देशात साधारण १०० त तीन-चार जण मायनर असतात, पण तुम्ही दोघं एकाच आजी-आजोबांची नातवंडं, तेव्हा ही शक्यता बरीच वाढते.

बोटीवर असले तरी पुढच्या पोर्टला किनाऱ्यावर जाऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) ह्या दोन टेस्ट करून रिपोर्ट फोनवर पाठवायला सांगा. शिपिंगवाल्यांची जॉइन होतानाची मेडिकल असते, त्यातला जुना सीबीसी घरी कपाटात असेल तर आजच काढा, त्यात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ८० च्या खाली असेल तर संशय धरायचा, मात्र नॉर्मल दिसला म्हणून एचपीएलसी टाळायची नाही. दोघंही मायनर निघालात तर ११ आठवड्यांनंतर वारेचा कणभर तुकडा काढून, म्हणजे सीव्हीएस करून, बाळाला आहे का नाही ते कळतं, त्यासाठी मुंबईला जावं लागेल. परळलाच केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे, एनआयआयएच, तुमच्या डॉक्टरांकडून तिथे चौकशी करून घ्या. अडीच महिने थांबलात तर विसावा आठवडा येईल, मग सगळंच घाईचं आणि जिवावरचं होतं. आणि घरात कुणी "नात्यात लग्न केलं म्हणून" असं तुम्हाला बोलायला लागलं तर त्यांना सांगा, नात्यातल्या लग्नाची बहुतेक मुलं अगदी धडधाकट असतात, आणि हा दोष दोघांकडून सारखाच येतो, एकट्या बाईकडून कधीच नाही.

प्रश्न: माझा ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह. पहिलं बाळंतपण आहे. पोटात इंजेक्शन द्यावं लागतं म्हणे?
– वेंगुर्ला

उत्तर: पोटात नाही, दंडात किंवा कमरेवर, अँटी-डी नावाचं. आधी मिस्टरांचा ग्रुप बघा, तेही निगेटिव्ह असतील तर लागतच नाही. पॉझिटिव्ह असतील तर तुमची आयसीटी टेस्ट करायची, पॉझिटिव्ह रक्ताविरुद्धच्या अँटीबॉडी तुमच्या रक्तात आधीच तयार झाल्यात का ते बघणारी, ती निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात एक इंजेक्शन आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. मधे रक्तस्राव झाला किंवा पोटावर मार बसला तरी लगेच दाखवायचं. हे इंजेक्शन ह्या बाळापेक्षा पुढच्या बाळासाठी असतं, म्हणून गर्भपात झाला तरी चुकवायचं नाही. लहान गावात ते दर वेळी दुकानात मिळेलच असं नाही, तेव्हा २६ व्या आठवड्यातच मेडिकलवाल्याला मागवून ठेवायला सांगा, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि आपल्याकडे पावसात लाइट किती जाते ते माहितीय तुम्हाला, म्हणून घरी आणून ठेवू नका, दवाखान्यातच राहू दे. आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'ओ निगेटिव्ह' लिहून ठेवा, बाळंतपणाला रात्री ऐनवेळी दुसऱ्याच हॉस्पिटलात जावं लागलं तरी कुणाच्याही नजरेला पडेल असं.